नेला चष्मा, चष्मा नेला

माकडाने चष्मा नेला तेव्हा वेणीमाधवगुरुजी घनपाठाच्या ऐन मध्यात होते, त्यामुळे त्यांना उठता येईना. घनपाठ म्हणजे मंत्रातले शब्द दोन पुढे, दोन मागे, मग तीन पुढे, तीन मागे, पुन्हा तीन पुढे, असे विणत विणत न्यायचे. मध्येच सोडला तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा खिडकीच्या गजातून तो केसाळ हात आत आला, पाटाशेजारचा चष्मा त्याने उचलला, उलटासुलटा करून पाहिला, आणि हे सगळं होईपर्यंत गुरुजी डोळे वटारून नुसते भुवया उडवत राहिले. तोंडाने मंत्र चालूच.

ओरडल्या त्या प्रभावतीबाई. हातातली पळी घेऊन त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि काशीच्या सगळ्या ब्रह्मा घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नेला चष्मा मेल्याने! अहो, उठा!"

नेमका त्याच क्षणी गुरुजींनी दम घेतला होता. म्हणून प्रभावतीबाईंचे ते पाच शब्द अगदी स्वच्छ, एकटेच्या एकटे, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये भरले गेले. कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून त्यांचा मुलगा शार्दूल बसला होता. बापाचा चष्मा चालला, आई पळी परजतेय, आणि हा बोट हलवेल तर शपथ! पडद्यावर आवाजाची काय झकास रेघ उमटली होती. तो तिच्याकडेच बघत होता.

हे सगळं भरून ठेवायची कल्पना खुद्द प्रभावतीबाईंची. त्यांची मधुरा पुण्याला दिलेली. पहिलटकरीण, चैत्रात बाळंत व्हायची. रीतीप्रमाणे माहेरी यायची, पण डॉक्टरांनी एवढा लांबचा रेल्वेचा प्रवास नको म्हणून बजावलं होतं. म्हणजे आईनेच तिकडे जायला हवं. आता गुरुजींचे नियम ऐका. मुलीच्या सासरी ते पाणीसुद्धा घेत नसत, आणि प्रभावतीबाईंच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं अन्न त्यांना चालत नसे. म्हणजे हे जाणार नाहीत, आणि ह्यांना उपाशी टाकून बाईंना जाता येणार नाही. गेले दोन महिने त्या माउलीच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता.

आणि अशात बातमी आली. पुण्याच्या एका वेदपाठशाळेचे काशीनाथशास्त्री काशीयात्रेला येतायत. त्यांना सहा महिन्यांसाठी घन शिकवणारा अध्यापक हवाय. राहायला पाठशाळेच्या आवारातच दोन खोल्या, वेगळी चूल. उतरणार बालाजी घाटावर वासुदेवरावांकडे, आणि रविवारी सकाळी तिथेच गुरुजींचा पाठ ऐकणार.

"देवानेच धाडलंय त्यांना," प्रभावतीबाई म्हणाल्या. "शार्दूल, ह्यांचा पाठ तुझ्या त्या मशीनमध्ये आधीच भरून ठेव बरं."

"कशाला पण?" गुरुजी म्हणाले. "मी जिवंत बसलोय ना समोर? मग डब्यात कशाला भरायचं?"

"तुमचा भरोसा आहे मला, तुमच्या घशाचा नाही. थंडी काय पडलीय बघताय ना? दरवर्षी माघात बसतो तो."

ह्या वेळी घसा बसवला तो माकडाने. घन पुरा केल्यावरच गुरुजी उठले, आणि उठले ते तसेच, ओल्या सोवळ्यानिशी, कानाला मफलर न गुंडाळता गच्चीवर गेले. बाहेर हे एवढं धुकं. समोरच्या कठड्यावर माकड चष्मा लावून बसलं होतं, म्हणजे लावायच्या खटपटीत होतं. गुरुजींनी त्याला केळं दाखवलं. त्याने केळं घेतलं, चष्मा दिला नाही. मग पेढा दाखवला. पेढाही घेतला. मग गुरुजींचा तोल सुटला आणि त्यांनी बनारसी हिंदीत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू केली. तेव्हा कुठे माकडाने चष्मा फेकला, एक काडी स्वतःकडे ठेवून. गुरुजी चष्म्याला दोरा बांधून खाली आले, आणि संध्याकाळी त्यांनी "पाणी दे" म्हटलं ते बाईंना ऐकूच गेलं नाही. घसा साफ गेला होता.

"सांगितलं होतं ना मी!" प्रभावतीबाई म्हणाल्या. एरवी हे वाक्य त्या फार मजेने म्हणत, पण आज त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता काय करायचं? रविवार तर चार दिवसांवर आलाय."

"टेन्शन कशाला घेतेस, आई?" शार्दूल म्हणाला. "बंदर यायच्या आधीचा पाठ एकदम क्लीन आहे. तो कॅसेटवर उतरवून देतो. ऐकवा शास्त्रीबुवांना."

हा शार्दूल लहुराबीरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे. मुंज झाल्यावर दोन वर्षं तो वडिलांसमोर घन शिकायला बसला होता; मग गणिताची परीक्षा आहे म्हणून जो उठला तो उठलाच. गुरुजींनी त्यावर कधी शब्द काढला नाही. पण दुसऱ्यांची मुलं ओळीने बसून म्हणू लागली की ते शार्दूलच्या जुन्या पाटाकडे बघत, हे प्रभावतीबाईंना ठाऊक होतं.

आणि शार्दूलचं डोकं सध्या भलत्याच गोष्टीने फिरलं होतं. अस्सी घाटावर तबला शिकायला आलेल्या एका जर्मन पोराने त्याला एक फ्लॉपी दिली होती. तिच्यातल्या प्रोग्रामने कुठल्याही आवाजाचे तुकडे करता येत, ते उलटसुलट जोडता येत, एकच तुकडा घोळवत ठेवता येई. शार्दूलने आजवर कुकरची शिटी, हातपंपाची करकर, खालच्या गल्लीतल्या सांडाचं फुरफुरणं, सगळं कापून जोडून पाहिलं होतं. अधूनमधून कॉम्प्युटर दमायचा आणि आवाज मध्येच अडखळायचा. तेव्हा तो जर्मन टाळी वाजवून ओरडायचा, "यही तो म्यूजिक है!"

वेदाला कात्री लावायची नाही, एवढी अक्कल शार्दूलला होती. पण आईचे ते पाच शब्द? ते तर घरचेच होते. त्याने ते कापले आणि जोडायला लागला. सहज, काही न ठरवता, हात जातील तसे.

"नेला चष्मा, चष्मा नेला, नेला चष्मा मेल्याने, मेल्याने चष्मा नेला, नेला चष्मा मेल्याने..."

पलीकडच्या खोलीत गुरुजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. त्यांची गुळणी घशातच थांबली.

"काय चाललंय?" त्यांनी दारात येऊन खरखरत विचारलं.

"प्रयोग आहे, बाबा. म्युझिक."

"ह्याला म्युझिक म्हणतात?"

"माझं ओरडणं कशाला घोळतोयस रे?" आतून प्रभावतीबाई म्हणाल्या. "एकदा ओरडले ते पुरे नाही झालं का? शेजारणी हसतायत!"

शार्दूलने आवाज कमी केला, पण बंद केला नाही. पुढचे सगळे दिवस घरात तेच. गुरुजी काढा घेतायत आणि भिंतीपलीकडून "चष्मा मेल्याने, मेल्याने चष्मा." गुरुजी जेवतायत आणि "मेल्याने अहो, अहो मेल्याने." बोलायला मनाई, त्यामुळे बिचाऱ्यांना नुसतं ऐकणंच भाग होतं. एकदा तर प्रभावतीबाईंनी पाहिलं, ते अंथरुणावर पडल्या पडल्या बोटांची पेरं मोजत होते. त्यांना वाटलं, जप चाललाय.

शनिवारी शार्दूलने कॅसेट तयार केली. एका बाजूला वडिलांचा पाठ. घरात कोरी कॅसेट एकच, आणि जर्मनाला आपलं काम ऐकवायचं होतं, म्हणून दुसऱ्या बाजूला चष्मा. पाठाच्या बाजूवर त्याने पेनाने ठळक 'ॐ' काढला, म्हणजे घोटाळा नको.

घोटाळा केला भक्तीने. रविवारी निघण्याआधी प्रभावतीबाईंनी कॅसेट देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि हात जोडून म्हणाल्या, "विश्वेश्वरा, पोरीपाशी पोचव रे बाबा." एकाच बाजूला कुंकू लावलं तर दुसरी रुसेल असं वाटून त्यांनी कॅसेट उलटली आणि तिकडेही लावलं. ओल्या कुंकवाखाली 'ॐ' दिसेनासा झाला.

वासुदेवरावांच्या दिवाणखान्यात गाद्या घातल्या होत्या. वासुदेवराव रेल्वेतून रिटायर झालेले. टेपरेकॉर्डर त्यांचा, त्यामुळे त्याला हात लावायचा मानही त्यांचाच. ब्रह्मा घाटावरची आठदहा वैदिक मंडळी शाली पांघरून बसली होती, आतल्या दाराशी बायका. मध्ये काशीनाथशास्त्री. वाळकी अंगकाठी, गळ्यात रुद्राक्ष, आणि चेहरा असा की ह्या माणसाला हसू येतं की नाही ह्याचीच शंका यावी.

"घसा बसलाय म्हणे?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी मान डोलावली.

"हं. लावा कॅसेट. एक लक्षात असू द्या, पाठ सुरू झाला की मध्ये कुणी बोलायचं नाही आणि थांबवायचं नाही."

वासुदेवरावांनी कॅसेट उलटसुलट केली. "शार्दूल, कुठली बाजू रे?"

"ॐ लिहिलंय बघा, काका."

"इथे तर दोन्हीकडे कुंकू आहे! जाऊ दे, जास्त कुंकू जिकडे तीच असणार," असं म्हणून त्यांनी आत्मविश्वासाने बटण दाबलं.

आधी थोडी खरखर झाली. काशीनाथशास्त्रींनी डोळे मिटले. आणि खणखणीत बाईचा आवाज आला, "नेला चष्मा, चष्मा नेला..."

गुरुजींनी मान खाली घातली. शार्दूल टेपरेकॉर्डरकडे झेपावला. शास्त्रीबुवांनी डोळे न उघडता हात वर केला. शार्दूल अर्ध्या वाटेवर, एक पाय उचललेला, तसाच थांबला. थांबवायचं नाही म्हटलं की नाही. आता परब्रह्म आलं तरी हा पाठ मध्ये तुटणार नव्हता.

"नेला चष्मा मेल्याने, मेल्याने चष्मा नेला..."

दाराशी बायकांनी पदर तोंडात कोंबले. प्रभावतीबाईंना मात्र हसू सुचेना. भिंतीला टेकून त्या मनात म्हणत होत्या, गेलं पुणं. माझ्याच तोंडाने घालवलं. पोरगी तिकडे एकटी अडणार आणि इथे मी माकडाला शिव्या देतेय, त्यासुद्धा टेपवर.

"मेल्याने अहो, अहो मेल्याने," असं आल्यावर एका म्हाताऱ्या वैदिकांना ठसकाच लागला. त्यांना उचलून बाहेर न्यावं लागलं. काशीनाथशास्त्री ढिम्म. त्यांचा अंगठा तेवढा पेरांवरून पुढे मागे फिरत होता. शेवटचं "अहो उठा, उठा अहो" झालं, खट्कन आवाज होऊन कॅसेट थांबली, आणि त्यांनी डोळे उघडले.

"विषय प्रापंचिक आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "स्वरही लावलेले नाहीत. पण क्रम घनाचा आहे."

"क्षमा करा, शास्त्रीबुवा," शार्दूल हात जोडून म्हणाला. "चुकून दुसरी बाजू लागली. बाबांची काही गलती नाही. आता लगेच पलटून..."

"थांब. एका ठिकाणी चूक आहे. 'मेल्याने अहो उठा' म्हणून उलटं येताना 'उठा मेल्याने' झालंय. मधलं 'अहो' राहिलं."

"नाही राहिलं!"

सगळ्यांनी चमकून पाहिलं. बोलले होते वेणीमाधवगुरुजी. बोलले कसले, फाटक्या पिपाणीतून वारा निघावा तसा आवाज निघाला होता. पण चेहरा लाल झाला होता. इतका वेळ लाजेने खाली गेलेली मान ताठ झाली होती.

"राहिलं," शास्त्रीबुवा म्हणाले.

"शक्य नाही. इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकतोय मी. आणि आमच्या घरात कधी 'अहो' राहत नाही!"

"खरं आहे हो ते!" दारातून प्रभावतीबाई न राहवून म्हणाल्या. "चाळीस वर्षांत 'अहो' म्हटल्याशिवाय हाक मारलेली नाही मी!"

"पुन्हा लावून बघू. दूध का दूध, पानी का पानी," वासुदेवराव म्हणाले, त्यांनी बटण दाबलं, आणि बत्ती गेली. काशीत अशा वेळी बत्ती जाते. तिला बरोबर कळतं.

"मग मी म्हणून दाखवतो," गुरुजी म्हणाले.

आणि त्यांनी मांडी नीट केली, दोरा बांधलेला चष्मा काढून बाजूला ठेवला आणि सुरुवात केली. "नेला चष्मा, चष्मा नेला, नेला चष्मा मेल्याने..." आवाज जेमतेम कुजबुजीएवढा. पण अक्षर हलेना. पुढे, मागे, पुन्हा पुढे. जिथे कॅसेटवर प्रभावतीबाई चिरकल्या होत्या तिथे गुरुजीही तेवढेच चिरकले, कारण ऐकलं तसं म्हणायचं ही पिढ्यांची शिकवण. आता कुणी हसत नव्हतं. बाकीच्या वैदिकांचे हात आपसूक पेरं मोजायला लागले. "मेल्याने अहो, अहो मेल्याने, मेल्याने अहो उठा, उठा अहो मेल्याने..." इथे गुरुजींनी "अहो"वर असा जोर दिला की खालच्या गल्लीत कुणीतरी "काय?" म्हणून ओ दिली.

पाठ संपता संपता बत्ती आली. वासुदेवरावांनी कॅसेट मागे घेऊन लावली. सगळे कान टवकारून बसले. "मेल्याने अहो उठा, उठा... मेल्याने."

"राहिलंय," वासुदेवराव हळूच म्हणाले.

"तिथे कॉम्प्युटर जरा अटकतो," शार्दूल खाली बघत म्हणाला. "मी मुद्दाम तसंच ठेवलं. अडखळतं तिथेच मजा असते ना."

"म्हणजे चुकलं ते यंत्र," काशीनाथशास्त्री म्हणाले. "आणि ह्यांनी चुकलेलं ऐकूनही पाठ बरोबर केलं, कारण ह्यांच्या कानाला चूक धरवतच नाही. घसा काय, चार दिवसांत येईल. मला गळा नकोय, कान हवाय. वेणीमाधवराव, चैत्राच्या आधी पुण्याला या. वहिनींना घेऊन."

दाराशी प्रभावतीबाई मटकन खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. शेजारणीला वाटलं त्या अजून हसतायत, म्हणून तीही पुन्हा हसायला लागली.

"आणि हा क्रम लावला कुणी?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"मीच," शार्दूल म्हणाला. "पण घन वगैरे काही ठरवलं नव्हतं. असंच बरं वाटलं कानाला."

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. मग वासुदेवरावांच्या कानाशी लागून ते जे म्हणाले ते घसा बसलेला असूनही सगळ्यांना ऐकू आलं, "येतं की गाढवाला."

घरी येताना त्यांनी शार्दूलला कचोरी-जिलबी घेऊन दिली. स्वतः बाहेरचं खात नसत, म्हणून नुसते शेजारी उभे राहिले, पण उभे राहिले मोठ्या आनंदाने.

चैत्रात मधुराला मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप. गुरुजी-प्रभावतीबाई पाठशाळेच्या दोन खोल्यांत, वेगळी चूल, सगळं ठरल्याप्रमाणे. आणि नात दुपारभर आजीआजोबांकडे. शार्दूल ब्रह्मा घाटावर एकटा, माकडांपासून हेडफोन सांभाळत होता. एक दिवस वासुदेवरावांकडे पुण्याहून त्याच्यासाठी फोन आला. फोनवर वडील होते. आवाज चांगला खणखणीत.

"शार्दूल, आम्ही इकडे आणलेली ती चष्म्याची कॅसेट आहे ना, ती नीट करून दुसरी पाठव."

"का, बाबा? शास्त्रीबुवांना हवीय?"

"नाही रे, नातीला. दुसऱ्या कशाने झोपतच नाही. ती लावली की डोळे मिटते, आणि 'उठा मेल्याने' आलं की टक्क जागी होऊन भोकाड पसरते. तिथे 'अहो' राहिलंय हे तिला कळतं. एवढीशी आहे, पण कान बघ!"

"मग आता काय करता तुम्ही?"

मग गुरुजी आवाज उतरवून म्हणाले, "काय करणार? पाळण्याशी बसतो, आणि ती जागा आली की मी 'अहो' म्हणतो."

"तुम्ही?"

"हो. म्हणजे पोरगी झोपते. पण तुझी आई आतून दर वेळी 'काय हो, बोलावलंत?' म्हणून विचारते. चार माणसांत शोभतं का हे? तेव्हा तेवढं 'अहो' जोड आणि लगेच..."

पुढे झटापटीचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि फोनवर प्रभावतीबाई आल्या.

"शार्दूल? मी बोलतेय. काही जोडबिड करू नकोस. आहे तशीच राहू दे कॅसेट!"